मुलांना विचारणारे गुरुजी : योहान पेस्टालॉझी

बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्या गृहस्थास नव्या गावी उतरताच दोन गोष्टींचा शोध घ्यावा लागतो. एक राहावयाचे घर आणि दुसरी मुलांची शाळा. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा सहसा मिळत नाही, तेव्हा पावले आपोआप मिशनच्या शाळेकडे वळतात. आमचीही वळली. अशाच एका दूरच्या गावी आमचा धाकटा मुलगा तिसरीत असताना भाताच्या रोपाचे चित्र पाहून त्याचे भाग पाठ करीत होता. शाळेच्या कुंपणापलीकडेच भाताची खाचरे होती. तिकडे जाऊन रोपच का पाहू नये, असे त्याने वर्गात विचारले आणि त्याबद्दल त्याला बाकावर उभे राहावे लागले. रात्री जेवताना त्याने हे आम्हांस सांगितले. आम्ही त्याची बाजू घेतली असती, तर आज हे लिहिताना बरे वाटले असते. आम्ही त्याला उत्तर पाठ करून टाकावयास सांगितले.

पुढे पुष्कळ वर्षांनी पेस्टालॉझी यांचे चरित्र आमच्या वाचनात आले आणि त्यात जवळजवळ हीच घटना भेटली. मात्र तिचा शेवट निराळा होता.

योहान हाइनरिख पेस्टालॉझी यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे 12 जानेवारी 1746 रोजी झाला. ते पाच वर्षांचे असताना वडील वारले. आई आणि बाबेली नावाची एक एकनिष्ठ मोलकरीण यांनी मुलांना वाढविले. कपडे आणि बूट झिजू नयेत म्हणून मुलांना बाहेर खेळावयास फारसे सोडीत नसत. पुढे आयुष्यभर मुलांना घराबाहेर काढण्याचा ज्यांनी ध्यास घेतला, त्यांचे स्वतःचे बालपण असे चार भिंतींत गेले. आजोबा मात्र जवळच्या खेड्यात धर्मोपदेशक होते. त्यांच्याबरोबर गोरगरिबांच्या घरी जाताना या मुलाने दारिद्र्य जवळून पाहिले.

1769 साली अ‍ॅना शुल्टेस या सुविद्य तरुणीशी त्यांचा विवाह झाला. शेती करण्यासाठी त्यांनी नॉयहोफ हे घर वसविले. शेती बुडाली. 1774 च्या सुमारास तेथेच गरीब मुलांसाठी शाळा काढली. मुलांनी सूत कातावे, शेतात खपावे आणि त्याबरोबर शिकावे, अशी योजना होती. मुलांच्या श्रमावर शाळेचा खर्च भागेल हा हिशेब आम्हांस मुळातच पटत नाही, आणि तो जमलाही नाही. 1780 मध्ये शाळा बंद पडली व पत्नीचा पैसाही तिच्याबरोबर गेला. 1781 साली प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीने नाव मिळवून दिले, परंतु दारिद्र्य हटले नाही.

याच काळात ते आपल्या मुलाला शिकवीत होते. साडेतीन वर्षांच्या याकोबला घेऊन ते टेकडीवर जात आणि उतारावरून पाणी कसे धावते ते दाखवीत. थोडे खाली उतरल्यावर पाणीही आपल्या मागोमाग खाली आले, हे मुलाने आपणहून ओळखले, आणि बापाने त्याची नोंद रोजनिशीत केली. परंतु त्याच रोजनिशीत, आपण त्याला अंक व शब्द शिकविण्यासाठी कशी जबरदस्ती केली, हेही त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. याकोब पुढे लिहा-वाचावयास धड शिकला नाही. त्याला अपस्माराचा विकार जडला आणि 1801 साली तो वारला. जगाच्या मुलांना शिकविणाऱ्या या माणसाच्या घरातील हे दुःख विसरून त्यांचे चरित्र सांगणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांच्या जीवनाला वळण लागले. सप्टेंबर 1798 मध्ये फ्रेंच सैन्याने निडवाल्डेन परगण्यातील उठाव क्रूरपणे मोडून काढला. श्टान्स या गावी अनाथ मुलांचे लोंढे झाले. सरकारने त्यांची जबाबदारी पेस्टालॉझी यांच्यावर सोपविली. जानेवारी 1799 मध्ये एका मठाच्या इमारतीत अनाथाश्रम सुरू झाला. लवकरच तेथे सुमारे 80 मुले जमली. अंगावर खरूज, केसांत उवा, पोटात अन्न नाही. मदतीला एक घरकाम पाहणारी बाई, बाकी सर्व काही हे एकटे. गाव कॅथलिक, हे प्रॉटेस्टंट; त्यात ज्या सरकारच्या बाजूने फ्रेंच सैन्याने घरेदारे जाळली त्याच सरकारने पाठविलेले. गावकऱ्यांना त्यांचा विश्वास कसा वाटावा? ते मुलांतच जेवत, मुलांतच निजत. रात्री सर्वांत शेवटी अंथरुणावर पडत आणि सकाळी सर्वांच्या आधी उठत.

एप्रिलमध्ये आल्टडॉर्फ हे शेजारचे गाव आगीत भस्मसात झाले. तेथील निराश्रित मुलांपैकी वीसेक मुले येथे आणावीत, असे त्यांच्या मनात आले. कोणीही व्यवस्थापक अशा वेळी पैशाचा आणि जागेचा हिशेब करील, फार तर वरिष्ठांना पत्र लिहील. आम्ही स्वतः सरकारी कचेरीत तीस वर्षे काढल्यामुळे हे खात्रीने सांगू शकतो. पेस्टालॉझी यांनी मुलांना भोवती जमवून त्यांनाच विचारले. आणि नुसते विचारले नाही, तर होकाराची किंमतही समजावून सांगितली. पैसा वाढेल याची खात्री नव्हती. खाणे कमी होईल, काम वाढेल, अंगावरचे कपडेही वाटून घ्यावे लागतील. हे सर्व ऐकून, पुन्हा एकदा विचारल्यावरही, मुलांनी त्या मुलांना आणावे असेच सांगितले. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांचे मत घेतले गेले, आणि ते मत देताना आपण काय देत आहोत हे त्यांना ठाऊक होते.

जूनमध्ये फ्रेंच सैन्याला इस्पितळासाठी ती इमारत हवी झाली. बहुतेक मुले पांगली. अवघ्या पाच महिन्यांचा तो प्रयोग. पेस्टालॉझी यांची प्रकृतीही त्यात ढासळली.

तेथून ते बुर्गडॉर्फ येथे गेले. तेथील किल्ल्यात त्यांची संस्था उभी राहिली. आम्ही आरंभी ज्या घटनेचा उल्लेख केला ती येथली. एक सहकारी शिक्षक मुलांना चित्रे दाखवून शब्द शिकवीत असत. एके दिवशी शिडीचे चित्र निघाले. अंगणात खरीखुरी शिडी असताना चित्रातल्या शिडीविषयी का बोलावे, अशी शंका एका मुलाने काढली. चित्र हाताशी आहे, तेच सोयीचे, असे सांगून शिक्षकाने त्याला गप्प केले. पुढे खिडकीचे चित्र आले. त्याच मुलाने समोरच्या खिडकीकडे बोट दाखविले. ही हकिगत पेस्टालॉझी यांच्या कानी गेली. त्यांनी मुलाचे म्हणणे बरोबर ठरविले, आणि चित्रे बाजूला ठेवण्यात आली. शिक्षकाला त्या दिवशी काय वाटले असेल, याचा विचार आमच्या मनात अनेकदा येतो.

1805 पासून वीस वर्षे त्यांची शाळा इव्हर्दों येथील किल्ल्यात होती. गाव फ्रेंच भाषेचे, गुरुजी जर्मन बोलणारे, मुले दोन्हींकडची. त्यामुळे शाळेत दोन्ही भाषा नांदत. परप्रांती मुले वाढविणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे विशेष वाटू नये. सर्व मुले त्यांना बाबा पेस्टालॉझी म्हणत. भूगोलाचा आरंभ नकाशापासून होत नसे. मुलांना ब्यूरों नावाच्या ओढ्याच्या खोऱ्यात नेत. आधी संपूर्ण खोरे डोळे भरून पाहावयाचे, मग त्याचा एकेक भाग. तेथील चिकणमाती टोपल्यांत भरून शाळेत आणावयाची आणि लांब टेबलांवर आपण पाहिलेल्या भागाचा उठाव मातीत घडवावयाचा. पुन्हा फिरावयास जावयाचे, पुन्हा पाहावयाचे, राहिलेले भरावयाचे. सबंध खोरे उभे राहिल्यावरच नकाशा पुढे येई, आणि तोवर मुलांना तो वाचता येत असे. पुढे भूगोलशास्त्राचा पाया घालणारे कार्ल रिटर हे ही शाळा पाहून गेले आणि तिचे ऋण त्यांनी मान्य केले.

ईश्वरभक्ती हा त्यांच्या शिक्षणाचा गाभा होता. तथापि ईश्वराची ओळख प्रश्नोत्तरे पाठ करून होत नाही, ती आईच्या मायेतून होते, असे ते मानीत. धर्मनिष्ठ म्हणविणाऱ्यांचा रोष त्यांनी यामुळे ओढवून घेतला.

1808 ते 1810 या काळात फ्रोबेल इव्हर्दों येथे राहून गेले; बालोद्यानाची कल्पना त्यांनी पुढे मांडली. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत असताना फ्रोबेलच्या या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, आणि 1889 साली मुंबईस शारदा सदन उघडले. ब्यूरोंच्या मातीचा थोडासा अंश असा आपल्याकडेही पोहोचला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

अखेरची वर्षे कष्टाची गेली. सहकारी शिक्षकांत तट पडले, भांडणे कोर्टापर्यंत गेली आणि 1825 मध्ये शाळा बंद झाली. मुलांचे ऐकणाऱ्या या माणसाला मोठ्यांची भांडणे मिटविता आली नाहीत. ते नॉयहोफला परतले आणि 17 फेब्रुवारी 1827 रोजी ब्रुग येथे वारले. नॉयहोफजवळच्या बिर या खेड्यात, गावच्या शाळेच्या भिंतीलगत त्यांना मूठमाती देण्यात आली. त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, 1846 साली, त्याच ठिकाणी त्यांचे स्मारक उभारण्यात आले.