रोज एक मिलिमीटर

तुमचा आवडता इंजिनिअर कोण, असं विचारलं की आपल्यापैकी बहुतेकजण विश्वेश्वरय्यांपासून सुरुवात करतात. माझ्या यादीत मात्र एक असा माणूस आहे, ज्याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्रीच नव्हती. तो डॉक्टर होता. नाव गाव्रिल इलिझारोव्ह. सेमिनारसाठी विषय शोधताना मला हे नाव सापडलं आणि मग मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो.

इलिझारोव्ह यांचा जन्म १९२१ साली पोलंडमध्ये झाला आणि बालपण गेलं अझरबैजानमधल्या कुसारी या गावात. घरात अठराविश्वे दारिद्र्य, शाळेचं तोंडसुद्धा उशिराच पाहिलं. तरी पठ्ठ्याने क्रिमियातल्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळवला. दुसरं महायुद्ध पेटलं आणि कॉलेजच कझाकस्तानात हलवावं लागलं. १९४४ मध्ये डॉक्टर झाल्यावर त्यांची नेमणूक झाली थेट सायबेरियात, कुर्गान प्रांतातल्या दोल्गोव्का नावाच्या खेड्यात.

समोर पेशंट कोण? युद्धावरून परतलेले सैनिक. कुणाचं हाड जुळलेलंच नाही, कुणाचं जुळलं पण वाकडं, कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा चांगला चार बोटं आखूड. त्या काळी उपाय म्हणजे महिनोन्‌महिने प्लास्टर आणि अंथरूण. प्लास्टर निघेपर्यंत सांधे आखडायचे, स्नायू वाळून जायचे. हाड पक्कं धरलं जावं, पण माणसाला मात्र चालता यावं, हा इलिझारोव्ह यांचा प्रश्न होता. आपल्या भाषेत सांगायचं तर हा फिक्स्चर डिझाइनचा प्रॉब्लेम!

१९५१ च्या सुमारास त्यांनी उत्तर शोधलं. पायाभोवती धातूच्या रिंगा, त्या एकमेकींना जोडणारे आट्यांचे रॉड आणि हाडातून आरपार जाणाऱ्या बारीक तारा. तार जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीची. एवढीशी तार माणसाचं वजन कशी पेलणार? सायकलचं चाक आठवा. एकटा स्पोक हाताने वाकतो, पण ताणून बसवला की तेच स्पोक डबलसीट सुद्धा पेलतात. रिंगेवरची तारही अशीच शंभर किलोच्या आसपास ताण देऊन बसवतात. सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांनी खरोखरच सायकलचे स्पोक वापरले, असं सांगतात.

खरा चमत्कार पुढेच आहे. हाडाची दोन टोकं जवळ दाबायला नट फिरवायचे होते. एका पेशंटने म्हणे ते उलटे फिरवले. टोकं लांब गेली, पण एक्स-रेत मधल्या फटीत नवीन हाड तयार होताना दिसलं! ही गोष्ट किती खरी, किती तिखटमीठ लावलेली, ते सोडून द्या. महत्त्वाचं हे, की इलिझारोव्ह तिथे थांबले नाहीत. त्यांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून वेग ठरवला: दिवसाला एक मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. घाई केली तर फटीत हाडाऐवजी नुसते तंतू भरतात. फार हळू गेलं तर हाड आधीच जुळून बसतं आणि पुढे सरकत नाही. योग्य वेगाने ताणलं की हाडाबरोबर स्नायू, रक्तवाहिन्या, नसा, कातडी सगळंच वाढतं. वाकडं हाड सरळ करायचं असेल तर वाकाच्या जागी बिजागरी बसवायची आणि आतली बाजू हळूहळू उघडत न्यायची. बस्स, जॉमेट्री!

पण हे सोपं नाही हं. पाच सेंटिमीटर उंची मिळवायला नट फिरवण्यातच पन्नास दिवस जातात आणि नवं हाड टणक होईपर्यंत रिंग आणखी काही महिने तशीच. तारांच्या जागी जंतुसंसर्ग होतो, दुखतं, झोप लागत नाही. सेमिनारच्या निमित्ताने मी एका हॉस्पिटलात अशा पेशंटला भेटलो. माझ्याच वयाचा मुलगा, हातात छोटा पान्हा आणि उशाशी वही. कितीवेळा फिरवलं याचा हिशोब तो स्वतः लिहीत होता. ऑपरेशन डॉक्टर करतात, पण पाय वाढवतो तो पेशंट, हे मला तिथे कळलं.

मॉस्कोतल्या बड्या डॉक्टरांनी मात्र या खेडवळ सर्जनला बरीच वर्षं उभं केलं नाही. हा डॉक्टर नव्हे, फिटर आहे, अशी टर उडवली जायची म्हणतात. चित्र पालटलं ते वालेरी ब्रुमेलमुळे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्ण जिंकणाऱ्या ब्रुमेलचा पाय पुढच्याच वर्षी मोटरसायकल अपघातात चिरडला. अनेक ऑपरेशनं झाली, गुण नाही. १९६८ मध्ये तो कुर्गानला आला, बरा झाला आणि पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारली! १९७१ मध्ये कुर्गानला स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली. १९८० मध्ये इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी जुनं दुखणं घेऊन तिथे पोचला आणि पाय सुधारून परतला. १९८१ मध्ये इटलीतल्या परिषदेत इलिझारोव्ह बोलले, तेव्हा पश्चिमेकडच्या सर्जननी उठून टाळ्या वाजवल्या. शोधाला तोवर तीस वर्षं झाली होती.

२४ जुलै १९९२ ला इलिझारोव्ह गेले. आज रिंगांना सहा तिरके रॉड लावून कॉम्प्युटरने हिशोब करतात. रोबोटिक्सवाल्यांना त्यात स्टुअर्ट प्लॅटफॉर्म लगेच ओळखू येईल. पण वेग अजून तोच, रोज साधारण एक मिलिमीटर.

मित्रांनो, आपल्याला सगळं एका सेमिस्टरमध्ये हवं असतं. लॅब नाही, फंड नाही, गाईड नाही, ही रड तर कायमचीच. दोल्गोव्कात यातलं काहीच नव्हतं. होता तो समोर बसलेला लंगडा सैनिक, आणि त्याला चालवायचंच ही जिद्द. मला वाटतं, इंजिनिअरिंग सुरू होतं ते तिथूनच.