कोलंबियातील तीन वर्षे : विद्यार्थी आंबेडकर

आपल्यापैकी पुष्कळांची मुले आणि आता नातवंडेही परदेशी कॉलेजांत शिकत आहेत. अमेरिकेतल्या कॉलेजात पाऊल टाकले की पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यापुढे मंडळांची लांबलचक यादी येते. वादविवाद मंडळ, नाट्यमंडळ, खेळांचे संघ, निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांच्या संघटना आणि यहुदी मुलांसाठी हिलेल. कशात नाव घालावे, किती वेळ द्यावा आणि मग अभ्यासाचे काय, हा प्रश्न मुलांना पडतो, तसाच तो आईवडिलांनाही पडतो. नुसत्या उपदेशाने तो सुटत नाही. म्हणून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला शिकायला गेलेल्या, मूळच्या आपल्याच कोकणातील घराण्यातल्या एका विद्यार्थ्याची हकिगत येथे देत आहोत. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

डॉ. आंबेडकरांना सारे जग भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखते. पण २२ व्या वर्षी बॅग घेऊन परक्या शहरात उतरलेला विद्यार्थी आंबेडकर आपल्याला तितकासा ठाऊक नसतो.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबवडे. महार जातीत जन्म झाल्यामुळे शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ उघडला तर पाणी मिळायचे आणि शिपाई नसला तर घसा कोरडाच राहायचा.

पुढे कुटुंब मुंबईस आले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. तेथे एकदा शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तेव्हा वर्गात गडबड उडाली. मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमरावांचा हात फळ्याला लागण्याआधीच मुलांनी धावत जाऊन ते डबे बाजूला काढले. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्यूलर यांच्यासारखे पुस्तके देणारे मायाळू शिक्षक भेटले, परंतु कॉलेजातील हॉटेलवाला त्यांना चहापाणी देत नसे. १९१२ साली ते बी. ए. झाले. त्यांचे नाव कॉलेजच्या पटावर होते, पण ज्याला आपण कॉलेजजीवन म्हणतो, म्हणजे मित्रांबरोबर चहा पिणे, गप्पा मारणे, एका टेबलाशी बसणे, ते त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही. न्यूयॉर्कची गोष्ट समजण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली पाहिजे.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील वारले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी, असा करार झाला. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

राहण्यासाठी प्रथम विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात खोली मिळाली. तेथील जेवण त्यांना मानवले नाही. ते नीट शिजवलेले नसे आणि त्यात गोमांसही असे. एका आठवड्यातच त्यांनी मुक्काम हलवला आणि ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मॉपॉलिटन क्लबात ते राहावयास गेले. तेथे आणखी काही हिंदी विद्यार्थी होते.

कॉस्मॉपॉलिटन क्लब हे नाव त्या काळी अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत ऐकू येई. देशोदेशींच्या विद्यार्थ्यांना एकत्र आणणारा असा पहिला क्लब १९०३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात निघाला आणि पुढच्याच वर्षी कॉर्नेलमध्ये दुसरा. न्यूयॉर्कमध्ये या कामाला जोर आला तो एका लहानशा प्रसंगावरून. १९०९ साली हॅरी एडमंड्स नावाच्या तरुण कार्यकर्त्याने कोलंबियाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज नमस्कार केला. तो विद्यार्थी थांबला आणि आपण तीन आठवडे या शहरात आहोत, पण आपल्याशी बोललेले तुम्हीच पहिले, असे त्याने सांगितले. एडमंड्स घरी गेले, पत्नीशी बोलले आणि परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी चहाला बोलावू लागले. त्यातून तेथे विद्यार्थ्यांचा क्लब उभा राहिला आणि पुढे रॉकफेलर यांच्या देणगीतून १९२४ साली रिव्हरसाइड ड्राइव्हवर इंटरनॅशनल हाऊसची मोठी इमारत उघडली. ज्यांनी परमुलुखात पहिले आठवडे एकट्याने काढले आहेत, त्यांना त्या नमस्काराची किंमत वेगळी सांगायला नको.

मात्र अमेरिकेतील कॉलेजजीवन सगळ्यांनाच मोकळे होते असे नव्हे. जुन्या फ्रॅटर्निटींपैकी बहुतेक यहुदी व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आत घेत नसत. म्हणून १८९८ साली न्यूयॉर्कमधील यहुदी विद्यार्थ्यांनी कोलंबियाचे प्राध्यापक रिचर्ड गॉटहाइल यांच्या प्रोत्साहनाने एकत्र येऊन आपली संघटना काढली. तीच पुढे झीटा बीटा टाउ म्हणून प्रसिद्धीस आली. १९०६ साली हार्वर्डमध्ये यहुदी विद्यार्थ्यांची मेनोरा सोसायटी निघाली आणि त्याच साली कॉर्नेलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची आल्फा फाय आल्फा. हिलेलचा जन्म नंतरचा, १९२३ साली इलिनॉय विद्यापीठातला. विद्यार्थी मंडळांचा हा इतिहास पाहिला की दिसते, काही मंडळे दार लावून घेण्यासाठी होती आणि काही, बाहेर राहिलेल्यांना बसायला जागा मिळावी म्हणून निघाली होती.

भीमराव काही काळाने लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहू लागले. हीच इमारत आता वॉलाक हॉल या नावाने ओळखली जाते. तेथे त्यांचे सोबती होते नवल भथेना नावाचे पारशी विद्यार्थी. दोघांची मैत्री जडली आणि ती जन्मभर टिकली. मायदेशी ज्याच्या हाताचे पाणी चालत नव्हते, तो तरुण येथे सर्वांबरोबर जेवत होता, हिंडत होता, कोणी जात विचारीत नव्हते. पहिले काही महिने अशा मोकळेपणात, मित्रमंडळीत आणि मौजेत गेले, असे चरित्रकार सांगतात. तरुण वयात इतके वर्ष अडवलेले दार एकदम उघडले, तर दुसरे काय होणार?

पण लवकरच त्यांनी हिशेब मांडला. मुदत तीनच वर्षांची होती. घरी पत्नी रमाबाई व कुटुंब होते आणि त्या साडेअकरा पौंडांतूनच घरी पैसे पाठवावे लागत. तेव्हापासून त्यांचा दिवस ग्रंथालयात सुरू होऊन ग्रंथालयातच संपू लागला. दिवसाचे अठरा अठरा तास अभ्यास चाले. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचा एकेक. पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे २००० पुस्तके जमवली. १९१५ साली ते एम. ए. झाले.

याच सुमारास लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये येऊन हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी लोकमत तयार करीत होते. हिंदी विद्यार्थी त्यांच्याभोवती जमत. भीमरावांनीही चळवळीत यावे असा लालाजींचा प्रयत्न होता. त्यांनी विनयाने नकार दिला. महाराजांच्या पैशावर आपण शिकायला आलो आहोत, तेव्हा आधी शिक्षण पुरे करणे हेच आपले काम, अशी त्यांची भूमिका होती. काहींना तो नकार रुचला नसेल. पण आपल्या वेळेचा मालक कोण आणि तो वेळ कोणाला बांधलेला आहे, हे त्या तरुणाला नेमके माहीत होते.

मग मंडळांपासून दूर राहिलेल्या या विद्यार्थ्याने कॉलेजजीवनात भाग घेतला नाही असे म्हणायचे काय? त्यांनी भाग घेतला तो शिक्षकांच्या टेबलाशी. जॉन ड्युई, जेम्स हार्वे रॉबिन्सन, एडविन सेलिग्मन अशा प्राध्यापकांच्या वर्गांत ते बसले. सेलिग्मन हे न्यूयॉर्कच्या नामांकित जर्मन यहुदी पेढीवाल्यांच्या घराण्यातले. संशोधन कोणत्या पद्धतीने करावे असे भीमरावांनी विचारले, तेव्हा मनापासून काम करीत राहा, पद्धत आपोआप सापडेल, असा सल्ला त्यांनी दिला. मानववंशशास्त्राचे अलेक्झांडर गोल्डनवायझर हेही मूळचे कीव्हचे यहुदी. त्यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी भीमरावांनी भारतातील जातींविषयी आपला निबंध वाचला. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनामुळे, आणि एका वर्गाने स्वतःभोवती दार लावून घेतले म्हणजे इतर वर्ग त्याचे अनुकरण करतात, असे त्यांनी मांडले. पुढच्या वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. गोणपाटावर बसलेला मुलगा आता चर्चेच्या टेबलाशी बसून ते गोणपाट कोठून आले याचा शोध घेत होता.

जून १९१६ मध्ये ते लंडनला गेले. जाताना सेलिग्मन यांनी सिडनी वेब यांच्या नावे शिफारसपत्र दिले होते. शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली करारानुसार बडोद्यास यावे लागले. तेथे त्यांना राहायला घर मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या दहाबारा पारशांनी येऊन त्यांना बाहेर काढले. न्यूयॉर्कमध्ये ज्या समाजातील मित्राबरोबर ते एका छपराखाली राहिले, त्याच समाजाच्या दारातून त्यांना काढून देण्यात आले. मित्र मात्र मित्रच राहिला. १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी भीमराव पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा नवल भथेना यांनी ५००० रुपये उसने दिले.

परत आल्यावर त्यांनी काय केले हे पाहिले म्हणजे कोलंबियातून त्यांनी काय आणले ते कळते. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या कामांत सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह, मुंबईतील मोफत वाचनालय, विद्यार्थ्यांचे 'सरस्वती विलास' हे मासिक आणि तरुणांसाठी महार हॉकी क्लब ही कामे होती. जेवणाची, झोपण्याची, वाचण्याची, लिहिण्याची आणि खेळण्याची जागा! जे स्वतःला शाळा-कॉलेजात मिळाले नाही, ते त्यांनी पुढच्या मुलांसाठी एकेक करून मांडले. आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाडला १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तोही शेवटी सर्वांबरोबर एका ठिकाणी पाणी पिण्याचाच प्रश्न होता.

१९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्यांना सभेत बोलण्याचे वळण लागावे म्हणून कॉलेजात विद्यार्थ्यांची पार्लमेंट होती. जानेवारी १९५० मध्ये भारताचे कायदेमंत्री असलेले डॉ. आंबेडकर त्या मुलांच्या पार्लमेंटपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. एके काळी लालाजींच्या मंडळात न गेलेला विद्यार्थी आता मंडळे उभी करीत होता. त्याच वर्षी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दुसरे कॉलेज निघाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजले.

५ जून १९५२ रोजी कोलंबियाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

आपल्या मुलांनी यातून काय घ्यावे? पाच मंडळांत नाव घातले म्हणजे कॉलेजजीवन लाभले असे नाही, आणि एकाही मंडळात न जाता ते वाया गेले असेही नाही. वेळ मोजून घ्यावा, आणि कोणाच्या कष्टाच्या पैशावर शिकतो आहोत ते आठवावे. एक मित्र असा जोडावा जो अडचणीत उभा राहील, आणि एका शिक्षकाच्या टेबलाशी निर्भयपणे बसावे. मंडळात गेलेच तर दाराकडे लक्ष ठेवावे. पायऱ्यांवर कोणी एकटा उभा असेल, तर त्याला आत बोलवावे. एवढे ज्याला जमले, तो कॉलेजात खरोखर शिकला असे समजावे.