मिर्झा गालिब : घर आणि चरित्र

जुन्या दिल्लीतील बल्लीमारान या मोहल्ल्यात, चष्म्यांच्या आणि पादत्राणांच्या दुकानांतून वाट काढीत गेले म्हणजे गली कासिम जान लागते. मिर्झा गालिबने आयुष्याची अखेरची वर्षे जेथे काढली ती वास्तू याच गल्लीत आहे. त्याच्या मृत्यूनंतर ती अनेकांच्या हातून गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथे निरनिराळे धंदे चालत. पुढे शासनाने तिचा काही भाग ताब्यात घेतला, लाखोरी विटा वापरून त्यास जुने रूप दिले आणि डिसेंबर २००० मध्ये तो लोकांस खुला केला. आत हुक्का घेऊन बसलेली कवीची प्रतिमा, त्या काळचा पेहराव, भांडीकुंडी, चौसर आणि बुद्धिबळाचा पट अशी मांडणी आहे. २०१० साली तेथे बसविलेला कवीचा अर्धपुतळा सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडविलेला आहे, ही गोष्ट मराठी अभ्यागतास सुखावून जाते.

या मांडणीतून एका स्थिरस्थावर, खानदानी गृहस्थाचे चित्र उभे राहते. गालिबचे चरित्र परिचित असलेल्या अभ्यासकाला मात्र येथे थोडे थबकावे लागते. कारण जवळजवळ साठ वर्षे दिल्लीत राहूनही स्वतःच्या मालकीचे घर या कवीने कधी केले नाही. भाड्याच्या किंवा कोणा स्नेह्याने राहावयास दिलेल्या जागेतच त्याचा सारा संसार झाला. ही बाब वरवर किरकोळ वाटते. वस्तुतः त्याच्या जीवनाचे मर्म समजून घेण्यास तिच्याइतकी उपयुक्त दुसरी बाब नाही.

मिर्झा असदुल्लाह खान याचा जन्म २७ डिसेंबर १७९७ रोजी आग्र्यास, आजोळी झाला. घराणे तुर्की वंशाचे, लष्करी पेशाचे. तो लहान असतानाच पिता अब्दुल्लाह बेग अलवारच्या चाकरीत लढताना कामास आला. मग चुलता नसरुल्लाह बेग याने त्याचा सांभाळ केला. हा चुलता मराठ्यांच्या वतीने आग्र्याचा कारभार पाहत होता. १८०३ मध्ये लॉर्ड लेकच्या फौजा आल्या तेव्हा त्याने शहर इंग्रजांच्या स्वाधीन केले आणि त्याबद्दल त्यास नवी चाकरी मिळाली. १८०६ मध्ये तो हत्तीवरून पडून मरण पावला. त्याच्या वारसांना जे निवृत्तिवेतन ठरले त्यात गालिबचा वाटा वर्षाला ७५० रुपयांचा होता. आपल्या कुटुंबाचा हक्क याहून पुष्कळ अधिक आहे, अशी त्याची अखेरपर्यंत धारणा होती. उत्तरेतील मराठी सत्ता मावळली त्या क्षणाशी या उर्दू कवीच्या आजन्म विवंचनेचा धागा असा जोडलेला आहे.

१८१० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, लोहारूच्या नवाब घराण्यातील उमराव बेगमशी त्याचा विवाह झाला आणि लवकरच तो दिल्लीस येऊन राहिला. या दांपत्याला सात अपत्ये झाली; त्यांतील एकही जगले नाही. पत्नीचा भाचा आरिफ यास गालिबने पुत्रवत मानले. तोही कवी होता. १८५२ मध्ये तोही तरुणपणीच वारला, आणि त्याच्या दोन मुलांना या वृद्ध दांपत्याने आपल्या घरी वाढविले.

वेतनाच्या दाव्यासाठी गालिब लखनौ, बांदा, बनारस असे मुक्काम करीत १८२८ च्या आरंभी कलकत्त्यास पोहोचला. पदरी यश आले नाही. १८२९ च्या अखेरीस तो कर्जाचा बोजा घेऊन परतला. परंतु बनारसवरील फारसी मस्नवी ही या प्रवासाचीच देणगी होय. अभिमान मात्र त्याने कधी गहाण टाकला नाही. १८४२ मध्ये दिल्ली कॉलेजात फारसीच्या अध्यापकाची जागा मिळण्याचा योग आला असता, स्वागतास साहेब बाहेर आला नाही म्हणून तो पालखीतूनच माघारी फिरला. १८४७ मध्ये घरी जुगार चालविल्याच्या आरोपावरून त्यास तुरुंगवास घडला. हवेलीतील चौसरीच्या पटापुढे उभे राहताना या घटनेचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. १८५० मध्ये बादशहाने त्यास तैमूर घराण्याचा इतिहास लिहिण्याचे काम, मासिक पन्नास रुपये आणि किताब दिले. १८५४ मध्ये जौक वारल्यावर बादशहाच्या कवितेचे गुरुपदही त्याच्याकडे आले.

तीनच वर्षांनी ते सारे संपले. १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजी फौजा दिल्लीत शिरल्या तेव्हा गालिब याच बल्लीमारानात होता. पतियाळाच्या महाराजांच्या पदरी असलेल्या हकिमांची घरे या गल्लीत असल्याने महाराजांच्या शिपायांनी तिचे रक्षण केले. त्यामुळे तो वाचला. परंतु बेगमेने सुरक्षित म्हणून दुसरीकडे ठेवलेले दागिने लुटले गेले. वेडसर झालेला धाकटा भाऊ यूसुफ वेगळ्या घरी राहत असे. तो त्या ऑक्टोबरात वारला आणि त्याचा दफनविधीही धड होऊ शकला नाही. आणखी एक हानी वाङ्मयाची झाली. आपल्या कवितेची प्रत स्वतःजवळ बाळगण्याची गालिबला सवय नव्हती. ती स्नेह्यांच्या ग्रंथसंग्रहांत असे. ते संग्रह लुटीत गेले. किंबहुना त्याची कविताही त्याच्याप्रमाणेच परक्या घरी राहत होती, असे म्हणता येईल.

पेन्शन बंद पडले ते १८६० मध्ये पुन्हा सुरू झाले. १८५९ पासून रामपूरच्या नवाबाकडून मासिक शंभर रुपये येऊ लागले. पांगलेल्या मित्रांना आणि शिष्यांना लिहिलेली पत्रे हाच आता त्याचा दरबार झाला. त्याने पत्रांतील ठरावीक मायने झुगारून दिले आणि समोर बसलेल्या माणसाशी बोलावे तसे लिहिले. आधुनिक उर्दू गद्याच्या घडणीत या पत्रांचे स्थान फार मोठे आहे. त्यांत पावसाळ्यात गळणारे छत आणि त्याखाली ठेवलेली भांडी आहेत, दिवाणखान्याची पडझड आहे, धान्याचे भाव आहेत आणि ओस पडलेल्या मोहल्ल्यांची नावे आहेत. ‘ऊद-ए-हिंदी’ हा पत्रसंग्रह १८६८ मध्ये निघाला. ‘उर्दू-ए-मुअल्ला’ १८६९ मध्ये. दोन्हींच्या दरम्यान, १५ फेब्रुवारी १८६९ रोजी, कर्जाच्या विवंचनेतच गालिब मरण पावला आणि निजामुद्दीन येथे लोहारू घराण्याच्या दफनभूमीत त्यास मूठमाती मिळाली.

तेव्हा गली कासिम जानमधील पुनर्रचित वास्तूचे मोल कोणते? ती खोटी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यामुळे एक जागा नामशेष होण्यापासून वाचली, आणि उर्दू न वाचणारेही तेथे येऊन या कवीचे नाव घेतात. मात्र तेथील हुक्का व पेहराव केवळ त्या काळाची ओळख करून देतात. त्या घरातील माणसाची ओळख पत्रांवाचून होणार नाही. जुन्या वास्तू सजविताना आपण बहुधा समृद्धी मांडतो आणि विवंचना वगळतो. साहित्याच्या अभ्यासकाने ती वगळलेली बाजू आपल्या वाचनाने भरून काढावयास हवी. हवेली पाहून परतल्यावर पत्रांचा संग्रह उघडावा. तेथे ते छत अजून गळत असलेले आढळेल.