दर्यावर्दीची परकी भाषा

‘ए’ लावायचा, ‘द’ लावायचा की काहीच लावायचं नाही? शाळेत या प्रश्नाने आपल्यापैकी कित्येकांना घाम फोडला असेल. मराठीत ही भानगडच नाही. पोलिश भाषेतही नाही. आणि तरी इंग्रजीतला एक थोर कादंबरीकार जन्माने पोलिश होता!

जोसेफ कॉनरॅड हे त्याचं जगाला ठाऊक असलेलं नाव. मूळ आडनाव कोझेन्योव्स्की. जन्म ३ डिसेंबर १८५७ चा, आज युक्रेनमध्ये असलेल्या बर्डिचिव्हचा. वडील कवी आणि शेक्सपिअरचे अनुवादक. रशियन सरकारने त्यांना हद्दपार केलं. मुलगा अकरा वर्षांचा होता तोवर आईवडील दोघंही गेले. १८७४ साली पोरगा फ्रान्सच्या मार्सेय बंदरात जाऊन खलाशी झाला. १८७८ साली तो इंग्लंडमध्ये लोस्टॉफ्टला उतरला, तेव्हा वय २० आणि इंग्रजी जेमतेम.

ना शिकवणी, ना व्याकरणाचं पुस्तक. कोळसा वाहणाऱ्या जहाजावरचे खलाशी आणि वर्तमानपत्रं हेच त्याचे मास्तर. १८८४ साली तो आपल्या मुंबईत ‘नार्सिसस’ जहाजावर सेकंड मेट म्हणून चढला. पुढे याच जहाजावर त्याने कादंबरी लिहिली, तिची सुरुवात मुंबई बंदरातच होते. १८८६ साली तो कप्तानकीची परीक्षा पास झाला. पहिली कादंबरी आली १८९५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी.

खरा चकवा होता फ्रेंचचा. ती भाषा त्याला आधीपासून उत्तम येई. पण दिसायला सारखे शब्द अर्थाने दगा देतात. ‘सेन्सिबल’ इंग्रजीत समंजस, तर फ्रेंचमध्ये हळवा! त्याच्या वाक्यांतून फ्रेंच वळणं अधूनमधून डोकावत राहिली, उच्चार तर अखेरपर्यंत परकेच राहिले. पण त्यासाठी त्याने लेखणी खाली ठेवली नाही.

घाव बसला तो घरच्यांकडून. १८९९ साली एलिझा ओझेश्कोवा या नामवंत पोलिश लेखिकेने, त्याने आपली प्रतिभा परक्या भाषेला विकली, असा जाहीर ठपका ठेवला. तो त्याला फार लागला. इंग्रजांना परका, पोलिशांना पळपुटा!

३ ऑगस्ट १९२४ रोजी तो गेला. कँटरबरीतल्या त्याच्या थडग्यावर ‘तेओदोर’ या त्याच्या पोलिश नावाचं स्पेलिंग चुकलेलं आहे. जन्मभर इंग्रजी शब्दांशी झुंजलेल्या या माणसाच्या एका पोलिश शब्दापाशी इंग्रजही अडखळले.

आपल्या मुलांचा एखादा ‘द’ चुकला, तर हे आठवावं.