स्नोशू थॉम्पसन

जॉन 'स्नोशू' थॉम्पसन (जन्मनाव: यॉन टोर्स्टेइनसन रूए, जन्म: ३० एप्रिल, १८२७, मृत्यू: १५ मे, १८७६) हे नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन टपालवाहक होते. हिवाळ्यात बर्फामुळे बंद पडणाऱ्या सिएरा नेव्हाडा पर्वतरांगेतून स्कीवर चालत त्यांनी अनेक वर्षे कॅलिफोर्निया व कार्सन खोरे यांदरम्यान टपाल पोहोचवले. कॅलिफोर्नियातील स्कीइंगच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते.

बालपण आणि स्थलांतर

थॉम्पसन यांचा जन्म नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील टिन या डोंगराळ भागात झाला. तेथे हिवाळ्यात लाकडी स्कीवरून ये-जा करण्याची जुनी परंपरा होती. १८३७ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, ते कुटुंबासह अमेरिकेत आले. मध्य-पश्चिमेकडील राज्यांत वाढल्यानंतर १८५१ मध्ये ते सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियातील प्लेसरव्हिल परिसरात गेले. खाणकामात फारसे यश न मिळाल्याने त्यांनी सॅक्रामेंटो खोऱ्यात शेती सुरू केली.

टपालसेवा

सिएरा नेव्हाडातील हिवाळा किती जीवघेणा असू शकतो, हे १८४६-४७ मध्ये डोनर तांड्याच्या शोकांतिकेने दाखवून दिले होते. बर्फात अडकलेल्या त्या तांड्यातील जवळपास निम्मे लोक मरण पावले. या पर्वतापलीकडील कार्सन खोऱ्यातील वस्त्यांचा बाहेरच्या जगाशी संपर्क हिवाळ्यात तुटत असे. टपालवाहक हवा असल्याची वृत्तपत्रातील सूचना वाचून थॉम्पसन पुढे आले. टेलेमार्कमधील स्की आठवून त्यांनी ओक लाकडाची जोडी तयार केली. ती सुमारे ३ मीटर लांब व ११ किलोग्रॅम वजनाची होती. त्या काळी कॅलिफोर्नियात स्कीलाही 'स्नोशू' म्हणत असल्याने त्यांना हे टोपणनाव मिळाले. प्रत्यक्षात ते जाळीदार स्नोशू वापरत नसत.

१८५६ च्या जानेवारीपासून ते प्लेसरव्हिल ते जिनोआ हा सुमारे १४५ किलोमीटरचा प्रवास करू लागले. पूर्वेकडे जाण्यास तीन दिवस व परतीस दोन दिवस लागत. पाठीवर कधी कधी ४५ किलोग्रॅमपर्यंत ओझे असे. पत्रांबरोबर ते औषधे व वृत्तपत्रेही नेत.

मार्गाची निवड

उन्हाळ्यातील गाडीरस्ता बर्फाखाली गाडला गेल्यावर त्याची वळणे दिसत नसत. दुसरीकडे, झुडपे व लहान खडकही झाकले गेल्याने एरवी दुर्गम असलेल्या उतारांवरून स्कीने जाता येई. त्यामुळे थॉम्पसन जुन्या रस्त्याला चिकटून न राहता भूरूप पाहून वाट ठरवत. मोठे खडक, झाडे, ओढ्यांची दिशा व रात्री तारे या त्यांच्या खुणा होत्या. त्यांचा मार्ग एको खिंडीतून जाई. होप व्हॅली हाही त्यांच्या प्रवासातील परिचित टप्पा होता.

ओझे कमी राहावे म्हणून ते पांघरूण वा शस्त्र नेत नसत. सुके मांस व बिस्किटे हे त्यांचे खाद्य होते. हिमांधत्व टाळण्यासाठी ते चेहऱ्याला कोळसा फासत. मुक्कामाला वाळलेले खोड पेटवून त्याच्याजवळ सूचिपर्णी फांद्यांवर झोपत. वादळात वाट दिसेनाशी झाली, तर सपाट खडकावर थांबून शरीर गरम राखण्यासाठी नाचत राहत. उतारावर बहुतेक जण वेग आवरण्यासाठी काठीवर भार टाकत. थॉम्पसन मात्र ती तोल सांभाळण्यासाठी आडवी धरत.

सिसन यांची सुटका

डिसेंबर १८५६ मध्ये लेक व्हॅलीतील एका झोपडीत त्यांना जेम्स सिसन हे हिमदंशाने पाय निकामी झालेल्या अवस्थेत आढळले. थॉम्पसन यांनी जिनोआला जाऊन माणसे जमवली व सिसन यांना घसरगाडीवरून खाली आणले. पाय कापण्यासाठी डॉक्टरांना क्लोरोफॉर्मची गरज होती. ते आणण्यासाठी थॉम्पसन पुन्हा पर्वत ओलांडून सॅक्रामेंटोपर्यंत गेले. सिसन यांचे प्राण वाचले.

मोबदल्याचा प्रश्न

या सेवेसाठी थॉम्पसन यांना सरकारकडून वेतन मिळाले नाही. नेव्हाडाच्या विधिमंडळाने १८६९ मध्ये त्यांना ६,००० डॉलर देण्याची शिफारस अमेरिकन काँग्रेसकडे केली. १८७२ मध्ये ते स्वतः वॉशिंग्टनला निघाले असता त्यांची रेल्वेगाडी वायोमिंगमध्ये बर्फात अडकली. तेव्हा ते सुमारे ९० किलोमीटर चालत शायेनला पोहोचले व पुढे गेले. तरीही त्यांची मागणी मान्य झाली नाही.

मृत्यू आणि वारसा

१८६६ मध्ये त्यांचा विवाह ॲग्नेस सिंगलटन यांच्याशी झाला. डायमंड व्हॅली येथे त्यांची शेती होती व त्यांनी अल्पाइन काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळावरही काम केले. वयाच्या ४९ व्या वर्षी अल्प आजारानंतर त्यांचे निधन झाले. त्यांची कबर जिनोआ येथे असून तिच्या शिळेवर स्कीची जोडी कोरलेली आहे.

एको खिंडीतून आज अमेरिकेचा महामार्ग ५० जातो. होप व्हॅली परिसर आता हिवाळी पर्यटनासाठी प्रसिद्ध असून तेथे क्रॉस-कंट्री स्कीइंग, स्नोशूइंग व स्नोमोबाइलसाठी पर्यटक येतात.