पालिकेचे तळे

वाचकहो, तिरोड्याच्या नगरपरिषदेत आपण घरपट्टी भरतो, नळाची तक्रार नेतो आणि घरी येतो. नळाचे पाणी आपल्या हक्काचे, हे आज आपण गृहीत धरतो. परंतु पालिकेची मालमत्ता कोणाची, हा प्रश्न परमपूज्य बाबासाहेबांना जवळजवळ दहा वर्षे कोर्टात लढवावा लागला. जयंतीच्या सभांतून हा भाग आपल्या कानी फारसा पडत नाही.

कोलंबिया विद्यापीठासाठी त्यांनी लिहिलेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला. सरकारी तिजोरीचा अभ्यास केलेला हा माणूस १९२३ साली बॅरिस्टर होऊन मुंबईस परतला. त्याच वर्षी ४ ऑगस्टला मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. पण तो दप्तरातच राहिला. ठराव करणे पालिकेला जमले, तो पाळण्याचे धैर्य कोठून आणावे?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. स्पृश्यांनी तळ्याची शुद्धी केली, ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठराव फिरवला आणि डिसेंबरात काही स्पृश्य गृहस्थांनी दावा लावला. तळे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. सत्याग्रहासाठी हजारो माणसे जमलेली असताना बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला! २५ डिसेंबरला त्याच परिषदेत मनुस्मृती मात्र जाळली. यात कोणाला विसंगती दिसत असेल तर त्याने जरा विचार करावा. त्यांना मनूचा कायदा नको होता, पालिकेचा हवा होता.

१९३१ साली खालच्या कोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. अपिले झाली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने शेवटचे अपील फेटाळले. तळे पालिकेचेच ठरले, आणि वहिवाट अनादि असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही.

पण बंधूंनो, तारखा पाहा. हा निकाल हाती आला तेव्हा येवल्याची धर्मांतराची घोषणा होऊन सतरा महिने झाले होते. कोर्ट तळे देऊ शकत होते. पाणी पिणाऱ्याकडे माणूस म्हणून पाहायला शेजाऱ्याला शिकविणे कोर्टाच्या हाती नव्हते, आणि हे बाबासाहेबांनी निकालाची वाट न पाहता ओळखले होते.

कायद्याची वाट मात्र त्यांनी सोडली नाही. १९३२ सालच्या ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना अस्पृश्यांना पंचायतीत प्रतिनिधित्व हवेच, असा त्यांनी आग्रह धरला होता. पालिकांतील राखीव जागा संविधानात आल्या त्या १९९३ साली, चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने. १९५४ साली ते आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. तिरोडा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. त्यांचा पराभव झाला. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, ते नागपूरला धम्मदीक्षा घेण्यास उभे राहिले.