अल्बेर्तो रुझ लुइलिए

अल्बेर्तो रुझ लुइलिए (जन्म : २७ जानेवारी १९०६, पॅरिस, मृत्यू : २५ ऑगस्ट १९७९, माँट्रिऑल) हे मेक्सिकोतील पुरातत्त्वज्ञ आणि माया संस्कृतीचे अभ्यासक होते. मेक्सिकोच्या चियापास राज्यातील पालेंके या प्राचीन माया नगरीत, 'शिलालेखांचे मंदिर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूच्या पोटात त्यांनी १९५२ मध्ये एक राजसमाधी शोधून काढली. माया पिरॅमिड म्हणजे केवळ देवळाचा उंच चौथरा, हा तोवर रूढ असलेला समज या शोधामुळे बदलला. मात्र समाधीत पुरलेली व्यक्ती कोण आणि मृत्युसमयी तिचे वय काय, या प्रश्नांवर रुझ आणि पुढच्या पिढीतील लिपितज्ज्ञ यांच्यात तीव्र मतभेद झाले.

प्रारंभिक जीवन

रुझ यांचे वडील क्यूबाचे, तर आई फ्रेंच होती. तरुणपणी ते क्यूबात राहिले आणि तेथील राजकीय चळवळीत त्यांनी भाग घेतला. १९३० च्या दशकात ते मेक्सिकोत आले व पुढे त्यांनी त्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले. मेक्सिको शहरातील राष्ट्रीय मानवशास्त्र व इतिहास प्रशालेत त्यांनी पुरातत्त्वाचे शिक्षण घेतले. त्यानंतर कांपेचे आणि युकातान या भागांतील माया स्थळांवर त्यांनी काम केले. १९४९ मध्ये पालेंके येथील संशोधनाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

जिन्याचा शोध

घनदाट जंगलाने वेढलेले पालेंके अठराव्या शतकापासून प्रवाशांना ठाऊक होते. नऊ टप्प्यांच्या पिरॅमिडवर उभे असलेले शिलालेखांचे मंदिरही अनेकांनी पाहिले व वर्णिले होते. त्याच्या गाभाऱ्यातील फरशीत एका मोठ्या शिळेला छिद्रे असून ती दगडी गुडद्यांनी बंद केलेली आहेत, हेही फ्रान्स ब्लॉम यांनी १९२० च्या दशकात नोंदवले होते. परंतु त्यांचे प्रयोजन उलगडले नव्हते.

रुझ यांचे लक्ष या शिळेबरोबरच भिंतींकडे गेले. मंदिराच्या भिंती फरशीपाशी संपत नसून तिच्याखालीही जात होत्या. याचा अर्थ खाली आणखी बांधकाम असले पाहिजे, असे अनुमान काढून त्यांनी ती शिळा उचलवली. तेव्हा खाली उतरणाऱ्या जिन्याच्या पायऱ्या दिसल्या. जिना दगडमातीने मुद्दाम गच्च भरलेला होता. दमट आणि कोंदट हवेत हा भराव उपसण्यास १९४९ ते १९५२ असे चार हंगाम लागले. जिना मध्यावर वळून पुन्हा खाली जात होता. तळाशी पाच-सहा व्यक्तींचे अवशेष आणि त्यापलीकडे एका त्रिकोणी शिळेने बंद केलेले प्रवेशद्वार आढळले.

समाधी

१५ जून १९५२ रोजी ही शिळा बाजूला सरकवून रुझ यांनी आतील दालनात प्रवेश केला. दालन सुमारे ९ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ७ मीटर उंच होते. भिंतींवर चुनेगच्चीत घडवलेल्या नऊ मानवाकृती होत्या. दालनाचा बहुतेक भाग कोरीव काम केलेल्या एका प्रचंड शिळेने व्यापला होता. तिची लांबी ३.८० मीटर, रुंदी २.२० मीटर आणि वजन सुमारे ५ टन होते.

प्रथम ही एखादी वेदी असावी, असे वाटले. खालचा दगड पोकळ आहे का, हे पाहण्यासाठी रुझ यांनी त्याला बारीक भोक पाडून आत तार घातली. तार बाहेर काढल्यावर तिला लाल रंगाचे कण चिकटलेले दिसले. २७ नोव्हेंबर १९५२ रोजी मोटारीच्या जॅकच्या साहाय्याने झाकण उचलले गेले, तेव्हा खाली दगडी शवपेटी असल्याचे निश्चित झाले. आत हिंगुळाचा लाल थर असलेला सांगाडा होता. त्यावर जेडचे विपुल अलंकार होते आणि चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा जडावाचा मुखवटा होता.

शवपेटी जिन्यातून खाली नेणे अशक्य होते. त्यामुळे आधी समाधी आणि मग तिच्यावर पिरॅमिड, असा बांधकामाचा क्रम सिद्ध झाला. शवपेटीपासून निघालेली एक पोकळ नळी जिन्याच्या कडेने वर मंदिरापर्यंत जात होती. मृत राजा व जिवंत जग यांच्यातील संपर्काचा मार्ग म्हणून रुझ यांनी तिचा अर्थ लावला.

वयाचा वाद

सांगाड्याची तपासणी करणाऱ्या शारीर मानवशास्त्रज्ञांनी मृताचे वय ४० ते ५० वर्षांच्या दरम्यान ठरवले. पालेंकेवर १९७३ मध्ये झालेल्या पहिल्या परिषदेत लिंडा शील, पीटर मॅथ्यूज आदी अभ्यासकांनी शिलालेखांवरून तेथील राजवंशाचा क्रम मांडला. त्यांच्या वाचनानुसार समाधीतील राजा पाकाल होता. त्याचा जन्म इ.स. ६०३ चा. बाराव्या वर्षी, इ.स. ६१५ मध्ये तो गादीवर आला आणि इ.स. ६८३ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी त्याचे निधन झाले.

हे वाचन रुझ यांना मान्य झाले नाही. कोरलेल्या मजकुरापेक्षा अस्थींचा पुरावा अधिक विश्वसनीय आहे, अशी त्यांची भूमिका होती व ती त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर माया लिपीच्या वाचनात मोठी प्रगती झाली आणि पाकालच्या तारखांना दुजोरा मिळत गेला. व्हेरा टीस्लर आणि आंद्रेआ कुचिना यांनी संपादित केलेल्या २००६ मधील ग्रंथात अस्थींच्या नव्या तपासणीचे निष्कर्ष आले. त्यांनुसार मृत व्यक्ती वृद्ध होती. वय ठरवण्याच्या जुन्या पद्धतींत वृद्धांचे वय प्रत्यक्षाहून कमी ठरण्याचा संभव असतो, हेही यानिमित्ताने पुढे आले.

अन्य कार्य आणि मृत्यू

पालेंकेतील काम रुझ यांनी १९५८ पर्यंत चालवले. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात माया अभ्यासाची पायाभरणी करण्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. माया संस्कृतीला वाहिलेले तेथील नियतकालिक १९६१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले. प्राचीन माया लोकांच्या अंत्यविधींवरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये, तर शिलालेखांच्या मंदिरावरील सविस्तर ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते मेक्सिको शहरातील राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयाचे संचालक होते. जेडचा मुखवटा याच संग्रहालयात आहे. १९८५ च्या नाताळात तो इतर अनेक वस्तूंसह चोरीला गेला होता व १९८९ मध्ये परत मिळाला.

कॅनडातील माँट्रिऑल येथे रुझ यांचे निधन झाले. त्यांची समाधी पालेंके येथे, शिलालेखांच्या मंदिरासमोर आहे.